विंगेतली पेटती बत्ती

वडशात रेल्वे फाटकाकडून बाजाराकडे निघालं की डाव्या हाताला बारदान्याचं दुकान लागतं. त्याच्या बाजूनं एक लोखंडी जिना वर जातो. जिना इतका अरुंद आहे की माझ्यासारख्या पोट सुटलेल्या माणसाला आडवं होऊनच चढावं लागतं. वर एक खोली, दोन कम्प्युटर, एक पंखा आणि दामिनी वलथरे. तिचं नाव कधी पेपरात आलं नाही, तिचा कुठे सत्कार झाला नाही, आणि बाजारातले लोक तिला अजून 'ती कम्प्युटरवाली' म्हणतात. मला त्याचा राग येतो, म्हणून हे लिहायला बसलो. मला या पोरीचा अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे माझीच फजिती सांगायची आहे, त्या भरात ते राहून जायला नको.

मी हेमराज दोनाडकर, 'खोब्रागडी नाट्यरंग, वडसा' या कंपनीचा मालक. झाडीपट्टीतली नाटक कंपनी म्हणजे काय, हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. दिवाळीपासून होळीपर्यंत आम्ही गावोगाव नाटक घेऊन फिरतो. गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, असो की बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, त्या दिवशी पाहुणे येतात आणि पाहुण्यांसाठी नाटक लागतंच. पोळा झाला की वडशात एकेका कंपनीचं ऑफिस उघडतं आणि गावोगावची मंडळं तारखा ठरवायला येऊ लागतात. ऑफिसबाहेर बोर्डाची लोखंडी चौकट वर्षभर उभी असते. पोळ्यानंतर पेंटर येऊन तिच्यावर नव्या नाटकांची आणि कलाकारांची नावं रंगवतो. ज्याची चौकट कोरी राहिली, त्याची कंपनी यंदा रस्त्यावर नाही, म्हणजे दौऱ्यावर निघत नाही, असं समजायचं. अशा मालकाला कुणी काही विचारत नाही. ज्याच्या घरी वाईट झालंय त्याला काय विचारणार? माणसं मान खाली घालतात आणि शेजारच्या ऑफिसात जातात. ही आमच्याकडची रीत आहे. चांगलीच रीत आहे, पण २००६ साली तिनं मला जवळजवळ बुडवलं होतं.

ती हकीकत सांगण्याआधी दामिनीच्या बापाबद्दल सांगायला हवं. त्याचं नाव दसरू. वडशापासून सात-आठ किलोमीटरवरच्या एका तलावावर त्याचं घर मासेमारी करतं. बायको गोकुळा बाजारात मासे विकते. पावसाळा-उन्हाळा दसरूचा जाळ्यात जायचा आणि हिवाळा माझ्या कंपनीत. तो आमचा बत्तीवाला होता. स्टेजवर विजेचे दिवे असत, पण ती गावची वीज, कधी दगा देईल सांगता यायचं नाही. म्हणून दोन गॅसबत्त्या घेऊन एक माणूस विंगेत बसवायचा. दुसऱ्या कंपन्यांचे बत्तीवाले बत्ती भरून ठेवत, काडेपेटी खिशात ठेवत आणि पोतं अंथरून झोपत. दसरूचं तसं नव्हतं. नाटक सुरू व्हायच्या आधीच तो दोन्ही बत्त्या पेटवायचा, उजेड स्टेजवर जाऊ नये म्हणून समोर पत्रा आडवा लावायचा आणि मधूनमधून पंप मारत त्या शेवटपर्यंत तेवत ठेवायचा.

मला ते बघवत नसे. वर लखलखीत दिवे चालू आहेत आणि खाली हा रॉकेल जाळतोय! मी त्याला सगळ्या नटांसमोर फाडून बोललो आहे, एकदा नव्हे, दर हंगामात. तो "होय जी" म्हणायचा आणि दुसऱ्या प्रयोगाला पुन्हा दोन्ही बत्त्या पेटवायचा. आता हेही सांगितलं पाहिजे की गॅसबत्ती पेटवून तिचा उजेड धरेपर्यंत चार-पाच मिनिटं सहज जातात, आणि अंधारात चार-पाच मिनिटं हजार माणसं गप्प बसत नाहीत. एकोणीस वर्षांत गावोगावची वीज किती वेळा गेली याची मोजदाद नाही, पण आमचा प्रवेश एकदाही थांबला नाही. दसरू फक्त पत्रा बाजूला सारायचा. नट पुढचं वाक्य बोलायचा आणि लोकांना वाटायचं, नाटकातच असं आहे.

२००३ साली मी जनरेटर घेतला आणि दसरूला सांगितलं, तुझ्या बत्त्या आता घरी ने, गाडीत जागा अडते. त्यानं दोन्ही बत्त्या दोन हातांत उचलल्या, "येतो जी" म्हणाला आणि गेला. मला तेव्हा काही वाटलं नाही. हे लिहिताना वाटतंय.

दामिनी तेव्हा रोज गाडीनं ब्रह्मपुरीला कॉलेजात जायची. पुढे वडशातल्याच एका क्लासमध्ये ती कम्प्युटर शिकवायला लागली. मासिकांबरोबर येणाऱ्या सीड्या लावून लावून वेबसाईट बनवायला स्वतःच शिकली. मग जिन्यावरची खोली घेतली. दोनपैकी एका कम्प्युटरवर तिनं सगळं नवं नवं बसवलं होतं. दुसरा मुद्दाम अडाणी ठेवला होता. जुना, हळू, त्यात जास्तीचं काहीच नाही. आलेली पोरं त्या अडाणी डब्याला शिव्या घालत. दामिनी मात्र केलेलं प्रत्येक काम आधी त्याच्यावर उघडून बघायची. मला हे सगळं फार मागाहून कळलं.

२००५ साली ती माझ्याकडे आली होती. भाऊ, आपल्या कंपनीची वेबसाईट करू, म्हणाली. मी हसलो. बारदान्याच्या दुकानावर बनलेली वेबसाईट कोण पाहणार, असं तिच्या तोंडावर म्हणालो. पण कल्पना माझ्या डोक्यात राहिली. दुसऱ्या वर्षी मी नागपूरला एका कंपनीकडे गेलो. थंडगार ऑफिस, काचेचं टेबल. महिनाभरात त्यांनी जे बनवलं ते पाहून मी खुर्चीतून अर्धा उठलो. लाल पडदा सळसळत उघडतो, तुतारी वाजते, कलाबाई गिरकी घेत समोर येते, मग नाटकांची नावं एकेक करत वरून पडतात आणि जागेवर बसतात. कलाबाई म्हणजे आमची नायिका, चौदा वर्षं माझ्या कंपनीत होती. तिला नेऊन दाखवलं तर ती स्वतःकडेच बघत बसली.

मग मी शहाणपणाचा कळस केला. दरवर्षी आम्ही गावोगाव पत्रकं वाटतो. त्यावर नाटकांची नावं, कलाकार आणि फोन नंबर असतो. त्या वर्षी मी हे सगळं काढून टाकलं. कंपनीचं नाव, कलाबाईचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात वेबसाईटचा पत्ता. बाकी सगळं तिथे पाहा! गावाची पोरं चंद्रपूरला, नागपूरला कामाला असतात, नाटक कोणतं आणायचं ते हल्ली तीच ठरवतात, आणि ती सायबर कॅफेत बसतात, एवढा हिशेब मी केला होता. हिशेब खोटा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

श्रावणात दामिनी पुन्हा आली, या वेळी माझ्या घरी. तुमच्या वेबसाईटबद्दल सांगायचं आहे, म्हणाली. मला वाटलं, काम मिळालं नाही म्हणून खोट काढायला आली. मी फोनवर बोलत असल्याचं सोंग केलं. ती दहा-पंधरा मिनिटं उभी राहिली आणि गेली.

पोळा झाला. बोर्ड रंगला. ऑफिस उघडून मी गादीवर बसलो आणि बसूनच राहिलो. गणपती आले, गेले. शेजारच्या ऑफिसात चपलांचा ढीग, आमच्याकडे मी आणि पंखा. एरवी नवरात्र बसेपर्यंत माझ्या तीसेक तारखा ठरलेल्या असतात. त्या वर्षी चार ठरल्या होत्या, त्याही जुन्या ओळखीच्या गावांच्या. कंपनीत चौतीस माणसं. दिवाळीपर्यंत तारखा भरल्या नाहीत तर नट दुसरीकडे जातात, त्यांनाही घर आहे. कलाबाईनं निरोप पाठवला की दसऱ्यापर्यंत वाट बघते, पुढचं सांगता येत नाही. सव्वीस वर्षं चालवलेली कंपनी माझ्या डोळ्यांदेखत उठायला निघाली होती आणि का, तेच कळत नव्हतं.

अशात एके दिवशी दुपारी सावरटोल्याचा लच्छू रस्त्यानं जाताना दिसला. सावरटोल्याच्या शंकरपटाचं नाटक वीस वर्षं माझंच. लच्छू त्या मंडळाचा पुढारी, चंद्रपुरात ऑटो चालवतो. माझ्या दारासमोर आल्यावर त्यानं मान खाली घातली आणि सरळ शेजारच्या ऑफिसात शिरला. माझं डोकं फिरलं. तो बाहेर येईपर्यंत मी रस्त्यावर उभा राहिलो आणि त्याचा दंड धरला. वीस वर्षांत काय कमी केलं, असं काहीबाही बोललो. तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त ओशाळला होता.

"भाऊ, मले वाटलं तुमी यंदा कंपनी बंद केली," तो म्हणाला. "बोर्ड कोरा हाय ना तुमचा."

मी त्याची मान धरून वर वळवली. समोर ताज्या रंगाचा बोर्ड होता, कलाबाईचं नाव हातभर मोठं.

"हा नाई जी. कम्प्युटरवरचा. आमी चार पोरं मिळून पायलं चंद्रपूरले. नुसती चौकट, आत काईच नाई."

मग हळूहळू त्यानं सगळं सांगितलं. कॅफेत त्यांनी पत्रकावरचा पत्ता टाकला. पडद्यावर एक राखाडी चौकोन आला, कोपऱ्यात एक बारीक खूण आणि खाली इंग्रजीत एक ओळ. त्या ओळीवर बोट दाबलं तर काहीतरी उतरवून घ्यायला सांगू लागलं आणि कॅफेवाला त्यांच्यावर खेकसला. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. चौकट आहे, नाव नाही. हेमराजभाऊची कंपनी गेली. कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता, असं विचारत नसतात. त्यांनी इतर गावांच्या पोरांनाही दबक्या आवाजात सांगितलं, की भाऊसमोर कुणी विषय काढू नका. आणि सावरटोल्याची तारीख आत्ताच, पाच मिनिटांपूर्वी, तो शेजारी देऊन आला होता. दिलेला शब्द आमच्यात मागे घेत नाहीत. मी त्याला तो मागे घे असं सांगितलंही नाही.

नागपूरला फोन लावला. तिकडून एक गोड आवाज म्हणाला की आमच्याकडे साईट व्यवस्थित दिसते आहे. ब्राउझरला अशी नाचणारी चित्रं स्वतःहून दाखवता येत नाहीत, त्यासाठी प्लग-इन नावाचा एक जास्तीचा तुकडा बसवावा लागतो. तो तुकडा कॅफेवाल्यांनी बसवला नसेल किंवा बंद ठेवला असेल, तर तो त्यांचा दोष, आमचा नाही. पाहणाऱ्यानं तो बसवून घ्यावा, तशी सूचना आम्ही दिलेली आहे. मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा तो लोखंडी जिना चढलो, आडवा होऊन. दामिनी काम करत होती. तिच्या डोक्यावर, पंख्याच्या बाजूला, हुकाला दसरूच्या दोन बत्त्या टांगलेल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. श्रावणात सांगायला आले होते, हे ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर मी कदाचित उतरूनही गेलो असतो, एवढा माझा स्वभाव वाईट आहे.

माझ्याकडे तोडगा तयार होता. तो प्लग-इन सीडीवर घ्यायचा आणि चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, सगळीकडच्या कॅफेत माणूस पाठवून बसवून टाकायचा. चार जिल्हे, पंधरा दिवस! मला हे फार मोठं डोकं वाटलं होतं. दामिनीनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली की कॅफेवाले तो तुकडा मुद्दाम बंद ठेवतात, त्यातून व्हायरस शिरतात आणि लाईन जाम होते, ते तुमच्यासाठी कशाला चालू करतील?

"आन् पायणाऱ्याले काऊन शिकवाचं, भाऊ? तो बिचारा नाटक ठरवाले आला. त्याच्यापाशी काय नाई ते आपन त्याले सांगून राह्यलो. आपल्यापाशी काय हाय ते सांगतच नाई."

मग तिनं तो अडाणी कम्प्युटर चालू केला आणि माझी वेबसाईट मला दाखवली. लच्छूनं सांगितलेला राखाडी चौकोन मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. लच्छूची काही चूक नव्हती. मीसुद्धा तेच म्हटलं असतं.

काम कसं करणार ते तिनं सांगितलं. आधी एक साधं पान लिहायचं, अगदी पत्रकासारखं. कंपनीचं नाव, यंदाची तीन नाटकं, कलाकार, कोणत्या तारखा रिकाम्या आहेत, फोन नंबर. त्याला कसलाही जास्तीचा तुकडा लागणार नाही, ते कुठेही उघडेल. मग त्यावर नागपूरचा पडदा बसवायचा. पान उघडताना गुपचूप तपासायचं, की समोरच्या कम्प्युटरला पडदा दाखवता येतो का. येत असेल तर पडदा दिसेल. येत नसेल तर पडदा मध्ये येणारच नाही, पान आहे तसं समोर राहील, आणि पाहणाऱ्याला कळणारही नाही की आपल्याला काही कमी दिसलं.

माझ्यातला मालक जागा झाला. म्हटलं, म्हणजे ज्याला पडदा दिसतो त्याच्यासाठी हे खालचं पान फुकटच ना? एकच गोष्ट दोनदा कशाला लिहायची? पडदा दिसत नाही असं कळलं की तेव्हा पाठव पान.

दामिनीनं खुर्ची वळवली.

"बाबा बत्ती लाईट गेल्यावर नव्हते पेटवत, भाऊ," ती म्हणाली. "आधीच पेटवून ठेवत."

मी वर टांगलेल्या बत्त्यांकडे पाहिलं. एकोणीस वर्षं ज्या गोष्टीवरून मी त्या माणसाला फाडून खाल्लं होतं, ती त्याच्या पोरीनं मला एका वाक्यात समजावली. मला लाज वाटली, आणि साधीसुधी नाही. कर, म्हटलं, तुला जसं वाटतं तसं कर.

तिनं नऊ दिवस काम केलं. मी रोज संध्याकाळी जिना चढून बसायचो आणि नको तिथे नाक खुपसायचो. तिच्या कामाची पद्धत बघून मात्र माझं तोंड बंद होत गेलं. बऱ्याच जुन्या कम्प्युटरांवर मराठी अक्षरांच्या जागी नुसते डबे दिसत. म्हणून पानावरचा मराठी मजकूर तिनं चित्र म्हणून टाकला. चित्रंही बंद ठेवलेली असली तर त्या जागी इंग्रजी अक्षरांत तेच वाचता येईल, अशी सोय चित्रामागे केली. फोन नंबर चित्रात घालायला तिनं साफ नकार दिला. तो आकड्यांतच राहील, कशातही दिसेल, म्हणाली. तुतारी आपोआप वाजून कॅफेत माणूस दचकत होता, तर तिला बटण लावलं, ज्याला हवी त्यानं वाजवावी. ती इंग्रजी ओळ तिनं काढून टाकली आणि त्या जागी सगळ्यात वर लिहिलं, 'खोब्रागडी नाट्यरंग, वडसा. यंदा कंपनी रस्त्यावर आहे.' हे तिला मी सांगितलं नव्हतं. पडदा बघायची हौस असेल त्याच्यासाठी तळाशी बारीक अक्षरात माहिती होती, पण ती अगदी तळाशी. एकेक गोष्ट ती एकेक करून बंद करायची आणि अडाणी डब्यावर पुन्हा उघडून बघायची. मी नट घडवताना एवढी तालीम घेतलेली नाही.

काम झालं तेव्हा मी म्हटलं, छान दिसतंय. ती म्हणाली, इथे दिसून काय उपयोग, लच्छूनं पाहिलं त्या कॅफेत जाऊन बघू. माझा तिच्या कम्प्युटरवर विश्वास होता, तिचा स्वतःचा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही चंद्रपूरला गेलो. लच्छू स्टँडवर ऑटो घेऊन उभा होता. त्यानं जटपुरा गेटच्या आतल्या एका गल्लीत नेलं. कॅफेत सहा कम्प्युटर, भिंतीवर पाटी, 'काहीही डाउनलोड करू नये.' कॅफेवाला त्रासलेला दिसत होता. दामिनीनं त्याला काही चालू करायला सांगितलं नाही, काही विचारलंही नाही. तिनं लच्छूला खुर्चीवर बसवलं आणि आपण मागे उभी राहिली.

लच्छूनं पत्ता टाकला. इथे पुन्हा तो राखाडी चौकोन आला असता तर कंपनीचं सामान कुणाला विकायचं, हेही माझ्या मनात येऊन गेलं होतं. पान उघडलं. पडदा नाही, तुतारी नाही, कलाबाईची गिरकी नाही. पांढऱ्या पानावर काळी अक्षरं, सरळ उभी. यंदा कंपनी रस्त्यावर आहे. तीन नाटकं. कलाबाईचा फोटो. रिकाम्या तारखा. फोन नंबर. लच्छू मोठ्यानं वाचत गेला आणि शेजारच्या कम्प्युटरवरची दोन पोरं माना वळवून बघायला लागली. त्यातला एक आरमोरीकडचा निघाला. तुमची कंपनी तर बंद झाली म्हणत होते, असं तो मलाच म्हणाला. लच्छूनं त्याला जे सुनावलं ते मला फार बरं वाटलं.

कलाकारांची यादी संपता संपता लच्छू अडखळला. शेवटची ओळ होती, 'बत्ती – दसरू वलथरे.'

मी दामिनीकडे पाहिलं. तिनं नजर चुकवली नाही. म्हटलं, अगं, आपल्याकडे आता बत्ती नाही.

"काढाचं असन तर सांगा, भाऊ. दोन मिनिटांचं काम हाय," ती म्हणाली.

मालकाला न विचारता मालकाच्या पानावर ओळ घालायची, एवढी हिंमत माझ्या कंपनीत कुणी केली नव्हती. मला राग यायला हवा होता, आणि मी रागाची वाट बघत होतो, पण तो आला नाही. राहू दे, म्हटलं.

सावरटोल्याची तारीख गेली ती गेलीच. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या पटाला आमचा तंबू नव्हता. पण लच्छूनं आपल्या हातून झालेली अफवा आपणच निस्तरली. ऑटोत बसलेल्या प्रत्येक झाडीपट्टीच्या माणसाला तो सांगत सुटला. दसऱ्यापासून ऑफिसातला फोन वाजायला लागला. नागपूरहून पोरं पडदा बघून फोन करत आणि कलाबाईची गिरकी आवडली म्हणत. चंद्रपूरहून, ब्रह्मपुरीहून, एक तर थेट एटापल्लीच्या तहसीलीतल्या कम्प्युटरवर बघून, फोन करत, आणि त्यांना पडदा माहीतही नसे. एटापल्लीचा माणूस म्हणाला, भाऊ, तुमचं कसं पटकन उघडते, बाकीच्याचं उघडतच नाई. मी म्हटलं, आमची माणसंच तशी आहेत. दिवाळीच्या आदल्या दिवशी पेंटरला बोलावून एकेचाळिसावी तारीख फळ्यावर लिहून घेतली. कलाबाई थांबली. चौतीसच्या चौतीस माणसं थांबली. नागपूरच्या गोड आवाजाचाही फोन आला होता. आमच्या पडद्याखाली हे कुणी घातलं, असं विचारत होता, त्यांनाही इतर गिऱ्हाइकांसाठी तसंच पाहिजे होतं. मी त्याला बारदान्याच्या दुकानाचा पत्ता दिला आणि जिना अरुंद आहे, सांभाळून चढा म्हणालो.

एक काम राहिलं होतं. भाऊबीज झाल्यावर मी तलावावर गेलो. दसरू पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून जाळं विणत होता. मला बघून उठून उभा राहिला. मी त्याला हंगामाला ये म्हटलं. तो म्हणाला, जनरेटर हाय ना जी तुमच्यापाशी. म्हटलं, जनरेटर आहे, तरी ये. त्यानं जाळ्याची एक गाठ ओढून घट्ट केली. मला वाटलं, नको म्हणणार, आणि नको म्हणायचा त्याला हक्क होता. मग म्हणाला की पोरीनं माझं नाव कुठे तरी लिहिलं आहे म्हणतात, ते एकदा पाहू द्या, मग सांगतो.

मी त्याला घेऊन वडशाला आलो. आम्ही दोघं मागंपुढं तो जिना चढलो. दामिनीनं बापाला खुर्चीवर बसवलं आणि आधी शहाण्या कम्प्युटरवर पडदा दाखवला. पडदा सळसळला, कलाबाई आली, दामिनीनं बटण दाबून तुतारीही वाजवली. दसरूनं हसून मान डोलावली. पाहुण्याच्या घरी जसं आवडलं म्हणतात तसं, मस्त हाय, म्हणाला. मग दामिनीनं तिथेच दोन ठिकाणी बोट दाबून प्लग-इन बंद केला आणि पान पुन्हा उघडलं. पडदा आला नाही. साधं पान समोर उभं राहिलं, आणि शेवटी त्याचं नाव. दसरूला वाचायला फारसं येत नाही, पण आपलं नाव ओळखता येतं. त्यानं काचेजवळ बोट नेलं, लावलं नाही.

"हे कवापासून पेटून होतं?" त्यानं पोरीला विचारलं.

"पयल्यापासून, बाबा. वर पडदा नाचत होता, तवाबी."

दसरूनं वळून माझ्याकडे पाहिलं. एकोणीस वर्षं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं तसं पाहिलं, सरळ डोळ्यांत, आता तरी पटलं का असं विचारल्यागत. मी हुकावरच्या दोन्ही बत्त्या काढल्या आणि दोन हातांत धरून उभा राहिलो.

"होय जी," या वेळी मी म्हणालो.